दाजींची बोलती आंघोळ

परभणी जिल्ह्यात हिवाळा कधी सुरू होतो हे हवामान खातं ठरवतं, असा इतरांचा समज असेल. आमच्या नात्यागोत्यात ते माझे साडू ठरवायचे. कार्तिकाच्या आसपास एखाद्या सकाळी आमच्या सेलूच्या घराचं फाटक वाजायचं, आणि दारात कानटोपी, मफलर, त्यावर आणखी एक मफलर आणि खांद्याला शबनम अशी आकृती उभी राहायची. ती एकच शब्द बोलायची, ''पडली.'' काय पडली हे विचारायची सोय नव्हती. आदल्या दिवशी आम्ही पंख्याखाली झोपलेले असलो, तरी थंडी पडली म्हणजे पडली. चपला काढून, चहा नको म्हणून, पाहुणा ज्या दिशेला सहसा जात नाही त्या दिशेला दाजी सरळ चालू लागायचे. थेट न्हाणीत. कारण थंडी पडली की लोकांचे गॅसचे गिझर सुरू होणार, आणि आपल्या ओळखीतला एकही गिझर न तपासता सुरू होणं हे दाजींना आपल्या हयातीत मंजूर नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. बायको दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो, आणि माझं ऐकून आमचा दूधवालाही म्हणतो. ते शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. 'राहायचे' असं लिहिलं, कारण यंदा ते आणि अक्का मुलाकडे हैदराबादला गेले. तिथं उंच इमारत आहे, गच्चीवर सूर्य पाणी तापवतो आणि ते नळानं खाली येतं. घरात गिझर नाही, नळी नाही, ज्योत नाही. यंदा आमच्याकडे थंडी पडली, पण ती पडल्याचं कुणी येऊन सांगितलं नाही. मी मुळात कमी बोलणारा माणूस. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, तिथं न बोलण्याचाच पगार मिळतो. घरी आल्यावर बोलावं, तर तोवर सवय लागलेली असते. अशा माणसाच्या पोटात पुष्कळ काही साठतं. त्यात अपराधी वाटायला मला फारसं कारणही लागत नाही. रिक्षावाल्यानं सुटे नाहीत म्हटलं, तरी आपणच काहीतरी चुकलो असं वाटून मी मान खाली घालतो. दाजींच्या बाबतीत तर मला खरंच कारण आहे. ते पुढं येईलच. तोंडानं सांगणं जमलं नाही, म्हणून लिहून टाकतो.

तर दाजींची शबनम. तिच्यात पायमोज्यात गुंडाळलेला पाना, दोन नवे सेल, साबणाची वडी, अगरबत्तीचा पुडा, चार लिंबं आणि दातांचा जुना ब्रश असायचा. साबणाचा फेस करून ते गॅसच्या नळीच्या सांध्यांना लावायचे आणि बुडबुडा येतो का ते बघत उकिडवे बसायचे. बुडबुडा आला नाही की त्यांचा चेहरा किंचित उतरायचा. लिंबू गिझरसाठी. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की साबण नुसता फिरतो, फेस येत नाही. त्या पाण्याचा पांढरा थर आतल्या तांब्याच्या नळ्यांना धरतो आणि गिझर ढेकर दिल्यासारखा आवाज काढू लागतो. दाजी लिंबं पिळून ते पाणी गिझरच्या पोटात सोडायचे आणि थांबायचे. एकदा असेच थांबलेले असताना माझ्या बायकोनं विचारलं, ''दाजी, तुमाला पण करू का थोडं सरबत?'' तर म्हणाले, ''आधी त्याला पिऊ द्या. त्याची तब्येत माझ्याहून खराब हाय.''

ब्रश बर्नर घासायला. जाळीत धूळ, कोळिष्टकं, कधी एखादी वाळकी पाल. वर्षभर बंद पडलेल्या गिझरच्या पोटात काय काय संसार थाटलेले असतात, ते दाजींकडून ऐकावं. आता चित्रकलेचा माणूस, हात चालू लागला की भान नसायचं. येलदरीला माझ्या एका चुलतभावाकडे त्यांनी बर्नर अगदी चकाचक घासून दिला. घासून झाल्यावर चुलतभाऊ न्हाणीत आला, ब्रशकडे बघतच राहिला आणि म्हणाला, ''दाजी, हा ब्रश जुना न्हवता हो.'' दाजींनी ब्रश उजेडात धरून नीट पाहिला. म्हणाले, ''आता झाला.''

आणि अगरबत्ती. न्हाणीत हवा खेळते की नाही हे बघायला ते अगरबत्ती पेटवून गिझरसमोर धरायचे. धूर खिडकीकडे सरकला तर ठीक. घुटमळला तर दाजी अस्वस्थ. शेजारच्या काकूंनी एकदा हे दाराच्या फटीतून बघितलं. कानटोपी घातलेला वयस्क गृहस्थ, डोळे बारीक केलेले, हातात अगरबत्ती, समोर भिंतीवर टांगलेला पांढरा डबा. काकूंनी बाहेरूनच हात जोडले. दुसऱ्या दिवशी आमच्या गिझरवर हळदीकुंकवाची दोन बोटं उमटलेली होती आणि काकू विचारत होत्या, हा कोणत्या वारी करायचा असतो म्हणून.

पण दाजींचा खरा प्राण ज्योतीच्या रंगात होता. निळी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळतोय. पिवळी झाली की घोटाळा. एवढं सगळ्यांना कळतं. पण ज्या माणसानं आयुष्यभर पोरांच्या पेल्यातला रंग बोटानं चाखल्यासारखा तपासला, त्याला 'निळी' एवढ्यावर भागेना. ''हा आभाळी झाला,'' ते म्हणायचे, ''मला मोरपंखी पाहिजे.'' जिंतूरला एका नातेवाइकाकडे त्यांना हवा तो निळा ज्योतीत सापडेना आणि शब्दांत सांगता येईना. तेवढ्यात घरातल्या वहिनी चहा घेऊन आल्या. दाजींचे डोळे लकाकले. ''वहिनी, जरा इकडं उभ्या ऱ्हा बरं. अजून इकडं. गिझरजवळ. हं! हा! हाच पदर!'' वहिनींचे यजमान पेपर वाचत होते. ते पेपरासकट उठून आले. पुढची काही मिनिटं न्हाणीत दाजी, वहिनी, यजमान, चहा आणि पेपर असे सगळे उभे राहून निळ्या रंगावर बोलत होते. यजमानांचा राग बर्नर साफ होऊन ज्योत पदराला जुळेपर्यंत काही उतरला नाही. जुळल्यावर मात्र ते स्वतःच बायकोला म्हणाले, ''लय मोठं काम झालं. ही साडी रोज नेसू नको, जपून ठेव.''

खिडक्यांच्या बाबतीत दाजींना माणूस म्हणावं की वादळ, हे अजून ठरलेलं नाही. न्हाणीच्या झरोक्याला काचेच्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्या त्यांना बघवायच्या नाहीत. बोलता बोलता हात वर जायचा आणि पट्टी खाली यायची. सोनपेठला एका लग्नघरी त्यांनी मुलीकडच्या न्हाणीच्या सगळ्या पट्ट्या काढून कोनाड्यात रचून ठेवल्या. त्या वाटेनं एक मांजर आत आलं आणि नवरीच्या मावशींच्या अंगावर पडलं. मावशी ओरडल्या, मांजर ओरडलं, बाहेर बँडवाल्यांना वाटलं इशारा झाला, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. दाजींना जाब विचारला तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं, ''मांजर आत येऊ शकलं, म्हंजे हवा बी येऊ शकते. बराबर हाय.''

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं मी एकदाच विचारलं होतं. दाजी पान्याला तेल लावत होते. म्हणाले, ''साडूभाऊ, सिलिंडरमधल्या गॅसला भ्यायचं कारण न्हाई. त्याला वास हाय, तो सांगून येतो. पण बंद खोलीत गॅस नीट जळला न्हाई, की एक दुसराच गॅस तयार होतो. त्याला वास न्हाई, रंग न्हाई. मुका हाय तो. माणसाला वाटतं, गरम पाण्यानं गुंगी आली. बसावं वाटतं. बसला की संपला.'' मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाले, ''अगदी तुमच्यासारखा. काही बोलत न्हाई, आन समोरच्याला झोप येते.''

मुक्या गॅसवर दाजींनी इलाज काढला होता. बोलायचं. त्यांच्या घरी गिझर न्हाणीत नव्हताच, मागच्या अंगणात पत्र्याखाली टांगलेला होता, पावसाळ्यात त्याच्यावर छत्री. तरीसुद्धा नियम होता: आधी दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, मग कडी लावायची, आणि आंघोळ संपेपर्यंत मोठ्यानं बोलत राहायचं. आवाज थांबला, की बाहेरून दार वाजणार. त्यामुळे दोन गल्ल्यांपर्यंत त्या घराच्या आंघोळी ऐकू यायच्या. त्यांचा मुलगा परभणीहून मनमाडकडे जाणारी स्टेशनं ओळीनं म्हणायचा. सातोना येईपर्यंत पाठीला साबण लागलेला असायचा. अक्का आज काय भाजी करायची आणि काल कोण काय बोललं ते सांगायच्या, आणि त्यामुळे गल्लीतल्या बायकांची कामं त्या वेळेपुरती हळू व्हायची. पाहुण्यांनाही सूट नव्हती. मी एकदा त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. आत गेलो, आणि काय बोलावं ते सुचेना. ''साडूभाऊ!'' बाहेरून हाक. ''हो,'' मी म्हणालो. ''नुस्तं हो चालत न्हाई. वाक्य बोला.'' मी खूप विचार करून म्हणालो, ''पाणी गरम आहे.'' पूर्ण आंघोळभर मी हेच वाक्य म्हणत राहिलो. बाहेर आलो तर अक्का तोंडाला पदर लावून उभ्या होत्या आणि दाजी गंभीरपणे म्हणाले, ''विषय एकच, पण आवाज चांगला लागला.''

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी आमच्या लेकीचं लग्न झालं आणि पहिला दिवाळसण आला. जावई पुण्याचे, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, सहा फूट उंच, बोलायला गोड. घरात पहिल्यांदा जावई दिवाळीला येणार म्हटल्यावर माझ्या बायकोनं घराला रंग दिला, पडदे बदलले, आणि न्हाणीत शॉवर बसवला. ''जावयाला काय बादलीनं आंघोळ घालायची का?'' असं तिचं म्हणणं. शॉवर म्हणजे आंघोळ चालू असेपर्यंत गिझर चालू. दाजींच्या कायद्यात हा गुन्हा. त्यात दिवाळी उशिरा आणि थंडी लवकर आलेली, आणि आमच्या झरोक्याच्या पट्ट्या दाजींनी केव्हाच काढून नेलेल्या. तिथून वारा असा यायचा, की अंगावर पाणी घेताना माणूस आपोआप देवाचं नाव घ्यायचा. बायको म्हणाली, ''हे बुजवा. आन दाजींना सांगा, पहाटेला येऊ नका म्हणावं. ते भिंतीबाहेरून 'बोला, बोला' करत बसले, तर काय इज्जत राहील आपली? जेवायलाच या म्हणावं.''

मी दोन्ही कामं केली. बैठकीतला एक लोड उचलला, स्टुलावर चढलो आणि झरोक्यात घट्ट बसवला. बायकोनं त्याच्यावरून झेंडूची माळ सोडली. फार सुंदर दिसलं. मग दाजींकडे गेलो. ते आमच्याकडे निघायच्याच तयारीत होते, शबनम भरलेली होती. मी म्हणालो, ''दाजी, यंदा तुम्ही... म्हणजे चतुर्दशीला... दुपारी जेवायलाच या. घरात गडबड असेल.'' दाजींनी शबनमीतली लिंबं परत टोपलीत ठेवली, एकेक करून. म्हणाले, ''बरं. गिझर म्या परवाच बघितलाय, ज्योत ठीक हाय. खिडकी तेवढी उघडी असू द्या म्हंजे झालं.'' मी ''हो'' म्हणालो. नुसतं हो. वाक्य बोललो नाही.

नरक चतुर्दशीची पहाट. आमच्याकडे पहिली आंघोळ जावयाची. त्यांचं झाल्याशिवाय घरातल्या कुणी पाणी घ्यायचं नाही, आणि जावई आत असताना दार वाजवायचं तर नावच नको. बायकोनं त्यांना पाटावर बसवून ओवाळलं, तेल लावलं, उटणं लावलं. जावई लाजून पितळी समईसारखे चकाकत आत गेले. कडी लागली. शॉवर सुरू झाला. आतून गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. बायको कृतार्थ चेहऱ्यानं करंज्यांकडे वळली. मी दिव्यांत तेल घालत होतो. लेक रांगोळीत बसली होती. आणि एकाएकी न्हाणीच्या भिंतीपलीकडून, मागच्या बोळातून, गल्लीला जाग येईल असा आवाज आला:

''जावईबापू! बोला!''

बायकोच्या हातातली करंजी ताटात पडली. ''आले! बोळात येऊन बसले! तुमी त्यांना नीट सांगितलं न्हवतं का?''

''घरात येऊ नका म्हणालो होतो,'' मी म्हणालो. ''बोळाचं बोलणं झालं नव्हतं.''

''जावईबापू! गाणं कामून थांबलं? दुसरं म्हणा! गाणं येत न्हसलं तर आईचं नाव सांगा! पाढे म्हणा!''

आतून काही नाही. फक्त पाणी पडत होतं. मी दाराकडे निघालो, तर बायकोनं माझा सदरा धरला. ''जावयाचं दार वाजवतेत का कुठं? लोक काय म्हणतील? ते लाजले असतील बिचारे. भिंतीतून कुणी आईचं नाव विचारलं, तर माणूस काय बोलणार?''

पाण्याचा आवाज बदलला नाही, पण तेवढ्यात गिझरचा घुरघुर आवाज एकदम थांबला. दाजींच्याच आग्रहानं आम्ही सिलिंडर बाहेर बोळात ठेवलेला. त्यांनी तिथूनच बंद केला होता. म्हणजे आत आता त्या थंडीत बोअरचं गार पाणी जावयाच्या साबणाच्या अंगावर. आणि तरीही हूं नाही की चूं नाही. रांगोळीतून उठून आलेली लेक, बोटं गुलाबी, म्हणाली, ''बाबा, गार पाणी पडलं तर ते ओरडतात. शेजारच्या फ्लॅटमधले तक्रार करतात इतकं ओरडतात.''

बोळातून दाजींचा आवाज आला. आता त्यात विनोदाचा अंश नव्हता. ''साडूभाऊ! ह्या भोकात काय कोंबलंय तुमी?''

मी आयुष्यात दार फारसं वाजवलेलं नाही. त्या दिवशी दोन्ही मुठींनी वाजवलं. ''अहो! बोला! काहीतरी बोला!'' मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, की बायकोनं माझा सदरा सोडला. त्याच वेळी पलीकडून दाजींनी आकाशकंदिलाचा बांबू झरोक्यात घालून लोड ढकलला. तो झेंडूच्या माळेसकट आत धप्पकन पडल्याचं ऐकू आलं. मग कुठूनतरी खोलातून आवाज आला, ''बाबा... कडी सापडत नाहीये.''

दार प्लास्टिकचं होतं. मी खांदा दिला तर ते मोडलं नाही, चौकटीसकट आत गेलं आणि त्याच्यावरून मी गेलो. जावई पंचा गुंडाळून कोपऱ्यात बसलेले होते, डोक्यावर फेस, मांडीवर लोड, गळ्यात झेंडूची माळ. एखाद्या मठाच्या स्वामींसारखे. चेहरा मात्र बघवत नव्हता. उचलायला गेलो, तर तेला-उटण्यात माखलेला सहा फुटी माणूस कुठून धरावा तेच कळेना. मी काखेत धरलं, ते निसटले. बायकोनं पाय धरले, ते निसटले. शेवटी लेकीनं चादर आणली, आम्ही तिच्यात त्यांना गुंडाळलं आणि ओढतच अंगणात मोकळ्या हवेत आणलं. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, रांगोळीवर उलटी केली आणि डोळे उघडून क्षीण आवाजात पहिलं वाक्य बोलले, ''सॉरी मम्मी, रांगोळी खराब झाली.'' बायको, जी इतका वेळ खंबीर होती, ती तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली.

दाजी फाटकाबाहेर उभे होते. कानटोपी, दोन मफलर, हातात बांबू. ''झोपू देऊ नका त्यांना! मान वर धरा! शेजारची जीप बोलवा, दवाखान्यात न्या, ऑक्सिजन लावा म्हणावं!'' सगळ्या सूचना त्यांनी फाटकाबाहेरून दिल्या. बायको रडत रडत म्हणाली, ''दाजी, आत या की हो!'' तर म्हणाले, ''मला दुपारचं आवतन हाय.'' राग म्हणून नव्हे. बोलावणं जसं केलं होतं तसं ते पाळत होते. मी त्याच वेळी काही बोलायला हवं होतं. जीप आली आणि मी तिच्यात चढलो.

दवाखान्यात जावयांना ऑक्सिजन लावला, डॉक्टरांनी तपासलं, वेळेवर बाहेर काढलं म्हणाले. त्यापुढं त्यांनी काय सांगितलं ते मला इथं लिहवत नाही. 'जरा उशीर' या दोन शब्दांनी ते सुरू होत होतं. ऊन चांगलं वर आल्यावर जावई हसतखेळत घरी यायला निघाले. वाटेत त्यांनी विचारलं, ''बाबा, एक सांगा, सकाळी मला भिंत माझ्या आईचं नाव विचारत होती. ते खरं होतं की मला भास झाला?'' मी म्हणालो, ''खरं होतं.'' ''मग मी सांगितलं का?'' ''नाही.'' ''अरेरे,'' ते म्हणाले.

घरी परतलो, तर बोळातून धूर येत होता. बायको धावतच तिकडं गेली आणि पदर कपाळाला लावून उभी राहिली. बोळात तीन विटांवर शेजारच्या काकूंचं लग्नकार्यातलं भलंमोठं पातेलं चढवलेलं होतं, खाली कापसाच्या पऱ्हाट्या पेटलेल्या होत्या आणि दाजी उकिडवे बसून जाळ सारत होते. ''तुमच्या घरात कुणाचीच आंघोळ झालेली न्हाई आज,'' ते म्हणाले. ''सणाचं बिनआंघोळीचं कसं बसणार? म्हणून पाणी ठेवलंय. तुमी आतून येऊन न्या. बोळ काय कुणाच्या बापाचा न्हाई.''

माझ्या तोंडात शब्द येऊन बसले होते. बरेच होते, पण बाहेर तीनच आले. ''दाजी, आत या.''

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे. म्हणाले, ''मग ह्याची एक बाजू धरा. लय जड हाय.''

अंगणात, भर उन्हात, तुळशीपासून जरा दूर पाट मांडून आमची चतुर्दशी झाली. न्हाणीला दार नव्हतं आणि आत जायची कुणाची हिंमतही नव्हती. बायकांसाठी दोन साड्यांचा आडोसा बांधला. जावयांना दाजींनी स्वतः पुन्हा आंघोळ घातली. तांब्या ओतता ओतता ते सवयीनं म्हणाले, ''बोला.'' जावयांनी चमकून वर पाहिलं, साबणातून एक डोळा उघडला आणि ओरडले, ''भिंत!'' मग हात जोडून आपल्या आईचं नाव सांगितलं. दाजी म्हणाले, ''नाव चांगलं हाय. पण सकाळी विचारलं होतं.'' त्या हसण्यात बायकोचं रडणं एकदाचं थांबलं.

शेवटी मी पाटावर बसलो. दाजी माझ्या मागं बसले आणि काही न विचारता त्यांनी तेलाची वाटी ओढून माझ्या पाठीला तेल लावायला सुरुवात केली. आई गेल्यापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागलेला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. बोटं खडबडीत होती, पण चित्र काढणाऱ्याची. सावकाश, कडेपासून मध्याकडं फिरणारी. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा त्यांना दिसत नव्हता. अशा वेळी बोलणं सोपं जातं.

''दाजी,'' मी म्हणालो, ''तो लोड मी कोंबला. मीच. आणि तुम्हाला येऊ नका म्हणालो ते गडबडीमुळं नाही. आम्हाला तुमची लाज वाटत होती.''

हात थांबला नाही. ते म्हणाले, ''माहीत हाय. म्हणूनच बोळात आलो. घरात आलो असतो, तर तुमची लाज बघत बसलो असतो. बोळात नुस्तं ऐकायचं काम.''

मला आणखी बोलायचं होतं. तुम्ही नसता तर, असं काहीतरी. जिभेवर आलंही होतं. दाजींनी माझं डोकं खाली वाकवलं. ''डोळे मिटा. साबण जाईल.''

मी डोळे मिटले. त्यांनी पहिला तांब्या ओतला आणि विचारलं, ''पाणी बराबर हाय ना? लय गरम न्हाई ना?''

''नाही,'' मी म्हणालो, ''अगदी बरोबर आहे.''

लय गरम होतं. पाठ भाजून निघाली. पण ते ओतत राहिले आणि मी बसून राहिलो. आत्तापर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.